मिसिंग : एका जुन्या पिकअपची नाडीपरीक्षा

आयसी इंजिनच्या पुस्तकात मिसफायरला जेमतेम चार ओळी मिळतात. ओरलला एक्स्टर्नल विचारतात, आपण 'सर, इनकम्प्लीट कम्बशन' म्हणतो, ते मान डोलावतात, विषय संपला. गॅरेजमध्ये याच दुखण्याला 'मिसिंग' म्हणतात आणि तिथे ते इतक्या लवकर संपत नाही. फिल्टर टाका, नोझल बदला, पंप खोला, तरी 'गाडी मिसिंग मारतेच आहे' अशा गाड्या गावोगाव आहेत. त्यातल्या एकीपाशी मी मे महिन्याच्या सुट्टीतले बरेच दिवस घालवले. सबमिशनच्या फाइलमध्ये हे कुठे बसत नाही, म्हणून इथे लिहिते आहे. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घ आईने तपासलंय, टेक्निकल मजकुराची जबाबदारी माझी!)

गाडी मामांची. चार सिलिंडर, अडीच लिटर डिझेल, जुना मेकॅनिकल पंप, ना ईसीयू ना सेन्सर. पावणेतीन लाख किलोमीटर झालेले. मामा नारायणगावहून रात्री टोमॅटो भरतात आणि माळशेज घाटातून कल्याणमार्गे पहाटे वाशीच्या मार्केटला पोचतात. साठ-पासष्ट कॅरेट माल. उशीर झाला की भाव पडतो आणि घाटात गाडी बंद पडली तर काय होतं ते सांगायला नको. चार महिन्यांत दोन गॅरेज झाली होती. नोझल केली, पंप कॅलिब्रेट केला, मिळून सोळा हजार गेले. आता दुसरं गॅरेज म्हणत होतं, 'रिंगा गेल्या, इंजिन बोर करावं लागेल', अंदाजे सत्तर हजार. भर हंगामात गाडी दहा-बारा दिवस उभी राहणार ते वेगळंच. मामांनी सोसायटीच्या कर्जाची चौकशीही सुरू केली होती.

आधी मिसिंग म्हणजे काय ते बघू. आयडलला इंजिन साधारण ८०० आरपीएमला फिरतं. फोर स्ट्रोक असल्यामुळे प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतो. चारांचे मिळून १६००, म्हणजे सेकंदाला सुमारे २७ धक्के. इतके जवळजवळचे धक्के आपल्याला सुटे जाणवत नाहीत, सलग घरघर वाटते. आता एक सिलिंडर झोपला, की दर सेकंदाला साडेसहा वेळा एक खड्डा पडतो. तो मात्र हाताला, सीटला, गिअरच्या दांड्याला, सगळीकडे कळतो. म्हणून कायम एकच सिलिंडर मेला असेल तर गाडी तालात थरथरते. ताल नसेल, मधेच गचका, मग बरी, मग दोन गचके, तर दुखणं कुठल्या एका सिलिंडरचं नसून चौघांच्या सामायिक गोष्टीचं असतं, म्हणजे बहुतेक डिझेलच्या पुरवठ्याचं. हा फरक पुढे फार उपयोगी पडणार आहे.

पहिलं काम मी पाना न उचलता केलं. शंभर पानी वही घेतली आणि मामांची ओरल घेतली. कधी होतं? गार असताना की गरम? रिकामी की भरलेली? उत्तरं अशी आली : सकाळी स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो. चालू झाल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं ठीक. घाट चढून वर चहाला थांबलं की गाडी उभ्या जागी थरथरते आणि पांढरा धूर येतो, डोळे चुरचुरतात. रेस केली की थरथर कमी होते. आणि शेवटी सहज म्हणून एक : 'टाकी फुल केली की दोन-तीन दिवस बरी चालती बघ.' हे सगळं मी जसंच्या तसं उतरवून घेतलं. दोन्ही गॅरेजमध्ये त्यांना यातलं काहीही कोणी विचारलं नव्हतं.

धुरावरून थोडं कळतं. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा म्हणजे डिझेल आत गेलं, वाफ झाली, पण पेटलं नाही. मग डिझेल येतंय. प्रश्न पेटण्याचा आहे, निदान एका सिलिंडरमध्ये तरी.

कोणत्या सिलिंडरमध्ये, हे शोधायला जी टेस्ट आहे ती आमच्या शेजारच्या मिस्त्रीकाकांनी करून दाखवली. काकांनी एसटीच्या डेपोत तीस वर्षं काढली आहेत. इंजिन आयडलला ठेवायचं आणि एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट अर्धा आटा ढिला करायचा. डिझेल तिथेच बाहेर पडतं, तो सिलिंडर बंद होतो. चांगला सिलिंडर बंद केला की इंजिनचा आवाज लगेच खाली येतो. मेलेला बंद केला तर काहीच फरक पडत नाही. एक नंबर, आवाज पडला. दोन नंबर, पडला. चार नंबर, पडला. तीन नंबरचा नट ढिला केला तर इंजिनला पत्ताच नाही! आयसी लॅबमध्ये आपण मोर्स टेस्ट करतो, एकेक सिलिंडर कट करून इंडिकेटेड पॉवर काढतो, ती हीच. काकांना मोर्सचं नाव माहीत नाही आणि त्यांचं काही अडलेलंही नाही.

इथे एक इशारा देते, हसण्यावारी नेऊ नका. नटाभोवती जाड फडकं धरायचं, डोळ्याला गॉगल, आणि फवाऱ्यासमोर बोट कधीही आणायचं नाही. या जुन्या पंपाचा दाबसुद्धा दोनशे बारच्या पुढे जातो, त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं. वरून टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत बोट सडू शकतं. असं झालं तर ताबडतोब हॉस्पिटल. आणि कॉमन रेल गाडीवर ही टेस्ट करायचीच नाही. तिथे हजार-सोळाशे बारचा मामला असतो. कॉमन रेलला स्कॅनर लावतात आणि सिलिंडर स्क्रीनवरून बंद करतात.

खात्रीसाठी मी मैत्रिणीच्या मिनी प्रोजेक्टची टेम्परेचर गन आणली होती. गाडी पूर्ण गरम करून बंद केली, मॅनिफोल्ड थोडा निवू दिला, पुन्हा चालू केली आणि चारही एक्झॉस्ट पोर्टवर गन मारली. तीन पोर्ट नव्वदच्या पुढे, तीन नंबर साठच्या आसपास रेंगाळलेला. काका म्हणाले, आम्ही पाण्याचे थेंब टाकायचो, जिथला उशिरा सुकेल तो सिलिंडर आजारी.

तर तीन नंबर. आता डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नाही, म्हणजे संशयित दोनच : इंजेक्शन किंवा कॉम्प्रेशन. इंजेक्टरवर संशय असेल तर नवीन आणायची घाई करायची नाही. एक आणि तीनचे इंजेक्टर आपापसात बदलायचे, खाली तांब्याचा वॉशर मात्र दोन्हीकडे नवा. मिसिंग एक नंबरला गेलं तर इंजेक्टर दोषी, तीनलाच राहिलं तर तो निर्दोष. राहिलं तीनलाच. पंपाच्या तीन नंबरच्या पाइपमधून येणारं डिझेल बाकीच्यांइतकंच आहे हे कॅलिब्रेशनच्या चार्टवर होतं, आणि स्टार्टर मारून चार बाटल्यांत घेऊन आम्हीही बघितलं. म्हणजे नोझलचे आणि पंपाचे मिळून सोळा हजार चुकीच्या खात्यात गेले होते.

जाता जाता : जुने मेकॅनिक पंपाला अजून 'मायको' म्हणतात. बॉशने डिझेल इंजेक्शन पंपाचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन १९२७ साली जर्मनीत सुरू केलं. भारतात १९५१ साली बंगळूरला निघालेली त्यांची कंपनी मायको म्हणून ओळखली गेली आणि २००८ साली तिचं नाव बॉश झालं. गॅरेजच्या भाषेला ही बातमी अजून पोचलेली नाही.

राहिलं कॉम्प्रेशन. इंजिन गरम केलं, चारही इंजेक्टर काढले, स्टॉपची दोरी ओढून डिझेल बंद ठेवलं, बॅटरी फुल चार्ज, आणि एकेका भोकाला गेज लावून स्टार्टर मारला. रीडिंग : २७, २६.५, १९, २७ बार. हवा पुरेशी दाबली गेली नाही की पुरेशी तापत नाही आणि डिझेल आपोआप पेटत नाही. दोषी सापडला. पण कोणत्या वाटेने हवा निसटतेय? रिंगांतून, व्हॉल्व्हमधून की हेड गॅस्केटमधून? यावर मामांचे सत्तर हजार अवलंबून होते.

गॅरेजने रिंगा म्हटलं त्याला कारण होतं. त्यांनी वेट टेस्ट केली होती. सिलिंडरमध्ये थोडं ऑइल टाकायचं आणि पुन्हा कॉम्प्रेशन घ्यायचं. ऑइल रिंगांभोवती सील करतं, त्यामुळे दाब वाढला तर रिंगा झिजलेल्या. वाढला नाही तर व्हॉल्व्ह. पुस्तकातही असंच आहे. पण हा नियम पेट्रोल इंजिनवर वाढलेला आहे. डिझेलला तो तसाच लावला तर काय होतं, ते आपल्याला येणाऱ्या गणितानेच बघा.

अडीच लिटरचे चार भाग केले तर एका सिलिंडरचा स्वेप्ट व्हॉल्यूम ६२५ सीसी. कॉम्प्रेशन रेशो १८ धरला तर क्लिअरन्स व्हॉल्यूम ६२५ भागिले १७, म्हणजे जवळजवळ ३७ सीसी, चहाच्या कटिंगपेक्षाही कमी जागा. त्यात ५ सीसी, म्हणजे एक चमचा ऑइल टाकलं की जागा उरते ३२ सीसी. नवा रेशो १ अधिक ६२५ भागिले ३२, म्हणजे साडेवीस. रिंगा अगदी नव्या असल्या तरी दाब पंधरा-वीस टक्के वाढणारच! पेट्रोल इंजिनमध्ये रेशो नऊच्या आसपास असतो, क्लिअरन्स सत्तर-ऐंशी सीसी असतो, तिथे चमचाभर ऑइलने एवढा फरक पडत नाही. म्हणून डिझेलमध्ये नुसतं 'दाब वाढला' याला अर्थ नाही, किती वाढला ते बघायला हवं, आणि तुलनेला शेजारी एक निरोगी सिलिंडर हवा.

मग आम्ही सिरिंजने मोजून एक आणि तीन, दोन्ही सिलिंडरमध्ये पाच-पाच सीसी ऑइल टाकलं. एक नंबर २७ वरून ३१.५ ला गेला. तीन नंबर १९ वरून २२ ला. दोन्हीकडे वाढ सोळा टक्क्यांच्या आसपास. तीनच्या रिंगा खरंच खलास असत्या तर तिथे उडी जास्त दिसली असती. काका चष्मा वर करून वहीतला भागाकार बघत राहिले आणि म्हणाले, 'हे आमच्या डेपोत पायजे होतं.' माझ्यासाठी ते डिस्टिंक्शनच.

पुढची टेस्ट मला स्वतःला सगळ्यांत आवडते, कारण तिच्यात आकड्यांऐवजी कान लागतात. तीन नंबर पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टीडीसीला आणायचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, आणि इंजेक्टरच्या भोकातून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा सोडायची. मग ऐकत फिरायचं. ऑइल भरायच्या तोंडाशी सूं आवाज आला तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. एअर क्लीनरमध्ये आवाज आला तर इनलेट व्हॉल्व्ह. सायलेन्सरमध्ये आला तर एक्झॉस्ट. हवा सोडण्याआधी गाडी टॉप गिअरला, हँडब्रेक पक्का, चाकाला दगड, आणि क्रँकवरचा पाना काढलेला हवा. नाहीतर हवेने पिस्टन खाली ढकलला जातो आणि पाना गरकन फिरून हाताची वाट लावतो. मामा सायलेन्सरला कान लावून वाकले आणि तिथूनच ओरडले, 'अगं, इथं कुकरची शिट्टी वाजतीय!'

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. टॅपेट कव्हर उघडलं. तीन नंबरच्या एक्झॉस्टला फीलर गेजची सगळ्यांत पातळ पट्टीही जाईना, क्लिअरन्स शून्य. असं का होतं? व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं सीटवर आपटत राहतो, सीट झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये थोडा आत बसतो, त्यामुळे त्याच्या दांडीचं टोक रॉकरच्या जवळ सरकतं. आपल्याला वाटतं झीज म्हणजे फट वाढणार. इथे उलट होतं, फट मिटत जाते, म्हणून टक-टक आवाजही येत नाही आणि कोणी कव्हर उघडत नाही. आता वहीतली उत्तरं जुळायला लागली. गार असताना व्हॉल्व्ह कसाबसा मिटतो. गरम झाला की दांडी लांबते, फट नाही म्हणून व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, हवा निसटते. रेस केली की हवेला निसटायला वेळच कमी मिळतो, म्हणून थरथर लपते.

या इंजिनाची फायरिंग ऑर्डर १-३-४-२. यात एक-चार आणि दोन-तीन या जोड्या. दोन नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलताना दिसले, म्हणजे ओव्हरलॅपला आले, की तीन नंबर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला असतो आणि तेव्हा त्याचं टॅपेट सेट करायचं. माप ज्याच्या त्याच्या मॅन्युअलप्रमाणे, गार की गरम हेही त्यातच बघायचं. आठही टॅपेट सेट केले. तीन नंबरचं कॉम्प्रेशन २४ ला आलं. पूर्ण आलं नाही, कारण गळक्या व्हॉल्व्हची कड गरम वायूने थोडी जळलेली असणार. पण कट-आउट टेस्टला आता चारही सिलिंडर उत्तर देत होते. माझं मत विचाराल तर जुन्या डिझेलला मिसिंग आलं की पहिल्यांदा टॅपेट कव्हर उघडावं. फार तर एका गॅस्केटचा खर्च आहे. आम्ही रिंगांच्या निदानाची शहानिशा करत होतो म्हणून त्या वाटेने गेलो.

वहीत दोन ओळी मात्र उरल्या होत्या, त्यांच्यापुढे मी प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. सकाळचा लांबलेला स्टार्टर आणि 'टाकी फुल केली की बरी चालती'. व्हॉल्व्हला टाकीत किती डिझेल आहे याच्याशी काय देणंघेणं? मी मामांना तेव्हाच म्हटलं, की गाडीत अजून काहीतरी आहे. पाचव्या दिवशी रात्री दोनला फोन आला. माळशेजमध्ये पुन्हा मिसिंग! 'पण आता तशी थरथर नाही गं, मधीच झटके देती.' टाकी किती? पाव. मग गाडी बाजूला लावून कॅनमधलं डिझेल टाकीत ओतायला सांगितलं, हँड प्रायमरने हवा काढली, आणि माल पहाटे वाशीला पोचला.

ताल नसलेलं मिसिंग म्हणजे सामायिक दुखणं, आणि टाकीशी संबंध म्हणजे सक्शनची बाजू. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथे चीर पडली तर चालू गाडीत डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत ओढली जाते. त्यामुळे पाइप कोरडा ठणठणीत दिसतो आणि कोणाला संशय येत नाही. टाकी रिकामी होत जाईल तसं डिझेल जास्त उंच खेचावं लागतं, सक्शन वाढतं, हवा जास्त शिरते. रात्रभर उभी राहिली की त्याच चिरेतून हवा शिरून डिझेल मागे टाकीत उतरतं, म्हणून सकाळी स्टार्टर लांबतो.

हवेने एवढं काय बिघडतं? आयडलला एका इंजेक्शनमध्ये जाणारं डिझेल साधारण दहा घन मिलिमीटर, म्हणजे एक बारीक थेंब. प्लंजरने रेटा दिला की डिझेल जवळजवळ दबत नाही, म्हणून दाब लगेच चढतो आणि नोझल उघडतं. मधे मोहरीच्या दोन-तीन दाण्यांएवढा बुडबुडा आला, की प्लंजरची मेहनत तो बुडबुडा चेपण्यातच संपते आणि नोझल उघडतच नाही. ज्या सिलिंडरच्या वाट्याला बुडबुडा येईल तो चुकतो. या वेळी दोन, पुढच्या वेळी चार, कोणीही.

फीड पंपाच्या तोंडाशी आम्ही पारदर्शक पाइपचा तुकडा जोडला. सोडावॉटरची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे. मग टाकीची लाइन काढली आणि उंचावर टांगलेल्या कॅनमधून थेट डिझेल दिलं. बुडबुडे बंद, झटके बंद. म्हणजे दोष कॅनने वगळलेल्या भागात. पारदर्शक तुकडा एकेक जोड मागे सरकवत गेलो आणि टाकीजवळच्या रबरी पाइपाशी सापडलं : क्लिपच्या खाली, बाहेरून न दिसणारी चीर. नवा पाइप आणि दोन क्लिपा, दीडशे रुपयांच्या आत.

आता चार महिन्यांचं कोडंही सुटतं. प्रत्येक गॅरेजने काम झाल्यावर सिस्टिममधली हवा काढली होती आणि मामांनी खुशीत टाकी फुल केली होती. त्यामुळे प्रत्येक कामानंतर गाडी तीन-चार दिवस बरी चालायची, गॅरेजवाला पैसे घेऊन मोकळा व्हायचा, आणि टाकी अर्ध्यावर आली की दुखणं परत. कामाचं श्रेय नोझलला, गुण मात्र भरलेल्या टाकीचा.

पेट्रोल-सीएनजी पिकअपवाल्यांसाठी थोडक्यात : तिथे रांगेत आधी प्लग, कॉइल आणि इंजेक्टर येतात. पेट्रोलवर नीट आणि सीएनजीवर मिसिंग असेल तर पहिला संशय इग्निशनवर, कारण सीएनजीला ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि दमलेला प्लग तिथे आधी उघडा पडतो. स्कॅनरवर पी-०३०३ आला तर तीन नंबर, पी-०३०० आला तर कोणताही. ईसीयू हे ओळखतो क्रँक सेन्सरवरून. प्रत्येक पॉवर स्ट्रोकला क्रँकला जो बारीक वेग मिळतो, तो कुठे मिळाला नाही ते दात मोजून पाहतो. काकांचा कान आणि ईसीयू दोघं एकच गोष्ट ऐकतात. फक्त ईसीयू कोड देतो, कारण देत नाही. पी-०३०३ बघून कॉइल बदलत सुटणारे आणि मिसिंग ऐकून नोझल बदलत सुटणारे एकाच माळेचे मणी.

गणपतीच्या आधी काम कमी असताना मामांनी हेड उतरवलं. तीन नंबरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका बाजूला खाल्लेली होती. सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या तिरप्या रेघा अजून दिसत होत्या, म्हणजे बोअरला हात लावायची गरज नव्हती. नवा व्हॉल्व्ह, सीट कटिंग, लॅपिंग आणि हेड गॅस्केट मिळून साडेसात हजार झाले आणि गाडी दोन दिवसांत बाहेर आली. नवीन रीडिंग वहीच्या शेवटच्या पानावर आहेत : २७, २६.५, २६, २७. खाली मामांच्या अक्षरात लिहिलंय, 'पुढचं टॅपेट दिवाळीनंतर.'